शिकण्याची ‘शैली’ की कपाळावरचा नवा शिक्का? एका छात्राध्यापिकेचा अनुभव

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात आम्हा छात्राध्यापकांना १६ आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. त्याला छात्रसेवाकाल म्हणतात. पाठ टाचण काढायचे, मार्गदर्शकांची सही घ्यायची, तास घ्यायचा, आणि मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांचा शेरा वहीत लिहून घ्यायचा. माझा छात्रसेवाकाल ज्या शाळेत झाला तिथे नवा कोरा स्मार्ट बोर्ड होता. शाळेत पाऊल टाकताना माझा दोन गोष्टींवर पक्का विश्वास होता. एक, तंत्रज्ञान वापरून शिकवले की मुले हमखास शिकतात. दुसरी, प्रत्येक मुलाची शिकण्याची एक ठरलेली शैली असते आणि ती ओळखली की शिक्षकाचे निम्मे काम झाले.

शाळेतून बाहेर पडले तेव्हा या दोन्ही गोष्टी मला तपासून घ्याव्या लागल्या होत्या. आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली आज डी.एल.एड., बी.एड. करत आहेत, टीईटीची तयारी करत आहेत. अनेक विहारांत संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालतात. त्या सर्वांच्या कामी यावे म्हणून हा अनुभव आणि त्यामागचे शास्त्र दोन्ही मांडत आहे.

‘तू दृश्य अध्ययनार्थी आहेस’

पहिल्या वर्षात आमच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. ‘नवीन ठिकाणी जायचे असेल तर तुम्ही नकाशा पाहता, कोणाला विचारता, की लिहून घेता?’ अशा धाटणीचे प्रश्न. उत्तरांची बेरीज केली की आपण कोणत्या प्रकारात बसतो ते कळते. या मांडणीला व्हार्क म्हणतात. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये ती मांडली. तिच्यात चार प्रकार आहेत: पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि हाताने करून शिकणारे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात, मार्गदर्शिकांत आणि यूट्यूबवरच्या असंख्य व्हिडिओंत या प्रकारांचा उल्लेख सिद्ध झालेल्या सत्यासारखा येतो.

माझे उत्तर आले, ‘दृश्य’. मला फार बरे वाटले. पुस्तक हातात घेतले की कंटाळा का येतो, याचे कारण सापडले असे वाटले. मी आळशी नाही, माझी शैलीच वेगळी आहे! त्या दिवसापासून मी पुस्तके बाजूला ठेवली आणि सगळा अभ्यास व्हिडिओंवर सुरू केला. शैक्षणिक मानसशास्त्राचे एक प्रकरण, दोन व्हिडिओ. वेळ वाचावा म्हणून दीडपट वेगाने. पाहताना सगळे कळत होते, मान डोलत होती.

सत्र परीक्षेत प्रश्नपत्रिका समोर आली तेव्हा मात्र सांगणाऱ्याचा चेहरा आठवत होता, पडद्यावरचा रंग आठवत होता, मुद्दे आठवत नव्हते. त्या विषयात मी कशीबशी पास झाले. तरीही दोष शैलीच्या सिद्धांताला दिला नाही. व्हिडिओ चांगले निवडले नव्हते, असेच मनाला समजावले.

‘मॅडम, मला वाचायला का सांगत नाही?’

छात्रसेवाकालात कृतिसंशोधन करावे लागते. मी विषय निवडला तो शैलींचाच. सहावीच्या वर्गाला सोप्या मराठीत तीच प्रश्नावली दिली, हजेरीच्या यादीसमोर प्रत्येकाची शैली लिहिली आणि त्याप्रमाणे कामे वाटली. पाहून शिकणाऱ्यांना चित्रे आणि पडदा, ऐकून शिकणाऱ्यांना चर्चा, वाचणाऱ्यांना पुस्तक, आणि ‘कृतिशील’ मुलांना तक्ते चिकटवणे, साहित्य वाटणे, प्रतिकृती बनवणे. वर्ग छान गजबजलेला दिसायचा. निरीक्षणाच्या वहीत चांगले शेरे मिळाले.

त्या वर्गात वस्तीतून येणारा एक मुलगा होता. वाचनात मागे, पण चपळ आणि कामसू. त्याच्या नावापुढे मी ‘कृतिशील’ लिहिले होते. एका अनुभवी शिक्षकांनीही मला सांगितले होते, “त्या मुलांना हाताचे काम द्या, ती त्यातच रमतात.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. माझ्याही नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात तो मुलगा तासानंतर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “मॅडम, मला वाचायला का सांगत नाही? मी रोज डिंकच लावतो.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन ती यादी काढून पाहिली. ज्यांच्या नावापुढे मी ‘वाचन-लेखन’ लिहिले होते, ती बहुतेक घरी पुस्तके असलेली मुले होती. ज्यांच्यापुढे ‘कृतिशील’ लिहिले होते, ती बहुतेक मजुरांची मुले होती. प्रश्नावलीने त्यांची शैली मोजली नव्हती, त्यांच्या घरची परिस्थिती मोजली होती. आणि जे मूल वाचनात कमी पडते त्याला जास्त वाचायला देण्याऐवजी मी त्याचे वाचनच बंद केले होते.

जन्मावरून माणसाची कुवत ठरवायची, कुवतीवरून काम ठरवायचे, आणि ते काम करताना पाहून ‘बघा, हा त्यातच रमतो’ म्हणायचे. ही पद्धत आपल्या समाजाला नवीन नाही. माझ्या यादीत जातीचे नाव नव्हते, सगळे शब्द आधुनिक होते. पण तिने तेच काम केले.

संशोधन काय सांगते

त्यानंतर मी ग्रंथालयात बसून शोधायला लागले. जे सापडले ते आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

२००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाचा मोठा आढावा घेतला. त्यांना शिकण्याच्या शैलींच्या एकूण ७१ मांडण्या आढळल्या. एकच माणूस एका मांडणीत एका प्रकारात बसेल आणि दुसरीत भलत्याच. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि आणखी तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नेमका प्रश्न विचारला: शैलीनुसार शिकवल्याने मुले खरोखर जास्त शिकतात का?

हे तपासायचे कसे, तेही त्यांनी स्पष्ट केले. समजा एका वर्गात पाहून शिकणारी आणि ऐकून शिकणारी असे दोन गट पाडले. दोन्ही गटांतील निम्म्या मुलांना चित्रांतून शिकवले, निम्म्यांना बोलून. शेवटी सर्वांना एकच चाचणी दिली. सिद्धांत खरा असेल तर पाहणारी मुले चित्रांमुळे पुढे जायला हवीत आणि ऐकणारी मुले बोलण्यामुळे. दोन्ही गट एकाच पद्धतीमुळे पुढे गेले तर ती पद्धत त्या विषयासाठी चांगली आहे एवढेच सिद्ध होते, शैली सिद्ध होत नाही. या कसोटीवर उतरणारा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही, आणि शाळांनी शैलींवर खर्च करावा असा आधार सध्या नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. माणसांच्या आवडी वेगवेगळ्या असतात, हे खरे आहे. एखाद्याला पूर्वज्ञान जास्त असते, एखाद्याला कमी, हेही खरे आहे. अंध मुलाला ब्रेल लागते, कर्णबधिर मुलाला सांकेतिक भाषा लागते, डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला वाचनासाठी विशेष मदत लागते. ती त्यांची गरज आहे, हक्क आहे. तिला शैली म्हणून बाजूला सारता येणार नाही. पण मला जे आवडते त्यानेच मी जास्त शिकते, हे मात्र यातून निघत नाही. मला व्हिडिओ आवडत होते. आवडत होते म्हणून सोपे वाटत होते, आणि सोपे वाटत होते म्हणून कळले असे वाटत होते.

नकाशा शिकायचा तर तो पाहावाच लागतो, मग शैली कोणतीही असो. इंग्रजीचे उच्चार ऐकावेच लागतात. पोहणे पाण्यात उतरूनच येते. पद्धत ठरते ती विषयावरून.

चूळपंथकाच्या हातातले कापड

कोणी म्हणेल, तथागतांनी तर प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणे शिकवले. मग शैली मानायला काय हरकत आहे? मलाही हा प्रश्न पडला, आणि पहिली आठवण आली ती चूळपंथकाची.

धम्मपदाच्या अट्ठकथेत ही कथा येते. चूळपंथक भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक याने त्याला मंद ठरवून विहार सोडून जायला सांगितले. रडत निघालेल्या चूळपंथकाला तथागतांनी थांबवले, त्याच्या हातात स्वच्छ कापड दिले आणि मळ पुसला जाण्याविषयीचा एक छोटा शब्द म्हणत ते हाताने चोळत राहायला सांगितले. चोळता चोळता कापड मळले. स्वच्छ होते ते मळकट झाले, म्हणजे सर्व संस्कार अनित्य आहेत, हे त्याला आतून उमगले. तो अर्हत झाला.

आता पाहा, महापंथकाने आणि तथागतांनी काय वेगळे केले. महापंथकाने माणसावर शिक्का मारला: याला जमणार नाही. तथागतांनी त्याला ‘हाताने शिकणाऱ्यांच्या’ वेगळ्या गटात टाकले नाही, त्याच्यासाठी सोपा, हलका धम्मही काढला नाही. जे सारिपुत्ताला समजायचे तेच अनित्यत्व चूळपंथकाला समजायचे होते. ध्येय तेच राहिले, फक्त वाट त्याच्या पायाखालून सुरू केली. माझ्या वर्गातल्या मुलाला मी डिंक दिला तो वाचनाकडे नेण्यासाठी नव्हता, वाचनाऐवजी होता. फरक इथे आहे.

धम्माच्या प्रसारातही हेच दिसते. तिपिटक शतकानुशतके भाणकांनी मुखोद्गत ठेवले, ऐकून आणि पुन्हा पुन्हा म्हणून. पुढे श्रीलंकेत इसवी सनपूर्व पहिल्या शतकात ते लिहून काढले गेले. सांचीच्या तोरणांवर आणि अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा चित्रशिल्पांत आल्या. ऐकणाऱ्यांचा एक संघ, पाहणाऱ्यांचा दुसरा, असे कोणी केले नाही. एकच उपासक गाथा ऐकत होता, शिल्प पाहत होता आणि स्तूपाला प्रदक्षिणाही घालत होता.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण नेहमी सांगतो: परंपरेने चालत आले, ग्रंथात आहे, सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून मानू नका, स्वतः तपासा. प्रशिक्षणातल्या चकचकीत सादरीकरणालाही हीच कसोटी लागू होते.

अपूर्णांक आणि स्मार्ट बोर्ड

तंत्रज्ञानाविषयीचा माझा दुसरा विश्वास गणिताच्या तासाला तपासला गेला. अपूर्णांकांची बेरीज शिकवायची होती. मी स्मार्ट बोर्डवर सुंदर ॲनिमेशन दाखवले. पिझ्झाचे तुकडे होतात, फिरतात, जुळतात, आवाज येतो. मुले खूश. “समजले का?” सगळ्यांचा होकार. दुसऱ्या दिवशी फळ्यावर १/२ + १/३ लिहिले. वर्गातील बहुतेकांचे उत्तर आले २/५. वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा.

तिसऱ्या दिवशी स्मार्ट बोर्ड बंद ठेवला. प्रत्येकाला १२ सेंटिमीटर लांबीची कागदी पट्टी दिली. तिचा अर्धा भाग किती? ६ सेंटिमीटर. एक तृतीयांश? ४ सेंटिमीटर. दोन्ही मिळून १०. म्हणजे १२ पैकी १०, म्हणजेच ५/६. मग विचारले, कालचे २/५ या पट्टीवर कुठे येते? मोजले तर ५ सेंटिमीटरच्याही अलीकडे. तेवढ्यात तोच मुलगा, डिंक लावणारा, उठून म्हणाला, “मॅडम, अर्ध्या भाकरीत अजून तुकडा टाकला, तर ती अर्ध्याहून कमी कशी होईल?”

त्या एका वाक्यात वर्गाला चूक कळली. मग मी पुन्हा स्मार्ट बोर्ड सुरू केला आणि तेच ॲनिमेशन दाखवले, पण थांबवत थांबवत. प्रत्येक पायरीला आधी मुलांनी पुढे काय होईल ते वहीत लिहायचे, मग पाहायचे. आता तेच साधन कामाला आले.

साधन तेच होते. पहिल्या दिवशी विचार करण्याचे काम पडद्याने केले होते, तिसऱ्या दिवशी ते मुलांनी केले. माणसाच्या मनात एका वेळी थोड्याच गोष्टी मावतात. व्हिडिओ थांबत नाही, पुढे सरकत राहतो. मनाला पकडायला वेळ मिळाला नाही तर दिसते सगळे, राहत काही नाही.

फळ्याला हात कोणाचा लागतो?

धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात बाबासाहेबांच्या शाळेतील एक प्रसंग आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तेव्हा वर्गातील मुलांनी गलका केला. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते. भीमराव फळ्यापर्यंत पोहोचण्याआधी डबे बाजूला काढले गेले. त्याच काळात त्यांना संस्कृत शिकायचे होते, ते नाकारले गेले आणि पर्शियन घ्यावी लागली. या मुलाने काय शिकावे, हे शिकवणाऱ्यांनी त्याच्या जन्मावरून ठरवले होते.

खडू-फळा हेही त्या काळचे तंत्रज्ञानच. प्रश्न तेव्हाही हाच होता, फळ्याला हात कोणाचा लागतो? मी माझ्या वर्गात आठवडाभर नोंद ठेवली. स्मार्ट बोर्डवर लिहायला मी बोलावलेली मुले तीच तीच पाच-सहा होती: पहिल्या बाकावरची, चटकन उत्तर देणारी, ‘बिघडवणार नाहीत’ अशी वाटणारी. कोणी कोणाला मनाई केली नव्हती. तरी निम्म्या वर्गाने त्या पडद्याला स्पर्शही केला नव्हता.

घरीही तोच प्रश्न आहे. शासनाचे दीक्षा ॲप २०१७ पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यात क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. खेड्यातला शिक्षक तंत्रज्ञानाने काय करू शकतो, हे त्यातून दिसले. पण ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातल्या मुलीला क्यूआर कोड म्हणजे पानावरचे काळे चौकोनच. गृहपाठ मोबाइलवर टाकण्याआधी शिक्षकाने घरी मोबाइल कोणाच्या हातात असतो, हे विचारले पाहिजे.

मग अभ्यास करायचा कसा?

शैलीचा आधार गेला, तर हाती काय उरले? बरेच काही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एका गटाने ते पुन्हा वाचले, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. सोपे वाटणारा अभ्यास लगेच फळ दाखवतो आणि विरून जातो. थोडा त्रास देणारा अभ्यास टिकतो.

यावरून मी माझी पद्धत बदलली. टीईटी, टेट किंवा कोणत्याही परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी ती करून पाहावी.

१. एक प्रकरण वाचा किंवा पाहा. मग पुस्तक मिटा, मोबाइल पालथा ठेवा आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहा. राहिलेले लाल पेनाने भरा.

२. तेच प्रकरण दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी असेच आठवा. एका रात्रीत चार तास बसण्यापेक्षा चार दिवस एकेक तास बरा.

३. व्हिडिओ पाहायचा असेल तर दर काही मिनिटांनी थांबवा आणि आत्ता काय सांगितले ते स्वतःच्या शब्दांत म्हणा.

४. शिकलेले कोणाला तरी समजावून सांगा. अडखळतो तिथेच आपले अज्ञान सापडते.

माझी आजी शाळेत गेली नाही. पण बुद्धवंदना, त्रिसरण, पंचशील, सगळ्या गाथा तिला तोंडपाठ आहेत. तिला ‘श्राव्य अध्ययनार्थी’ म्हणणे सोपे आहे. खरे कारण एवढेच की गेली चाळीसेक वर्षे ती रोज न पाहता आठवते आणि म्हणते. तिला लहानपणी कोणी पुस्तक दिले असते, तर तिने तेही वाचले असते.

विहारातील अभ्यासवर्ग चालवणाऱ्यांना एकच विनंती. प्रोजेक्टर, टॅब मिळाले तर जरूर घ्या. पण प्रत्येक साधनाला तीन प्रश्न विचारा. विचार कोण करते आहे, मूल की पडदा? त्याला सर्वांचा हात लागतो का? ते बंद पडले तर शिकणे चालू राहते का? आणि कोणत्याही मुलाविषयी ‘हा अमुक प्रकारचा आहे’ असे लिहिण्याआधी हात थांबवा. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञान दोन्ही विषयांचे. आपल्या मुलांना काय झेपेल, याचा निकाल त्यांनी आधीच लावून ठेवला नाही.

छात्रसेवाकालाच्या शेवटच्या आठवड्यात मी कृतिसंशोधनाचा अहवाल पुन्हा लिहिला. निष्कर्षात माझे गृहीतक चुकल्याचे नमूद केले. गुण थोडे कमी मिळाले. त्या मुलाने मात्र शेवटच्या दिवशी परिपाठात बातम्या वाचल्या. तीन ठिकाणी अडखळला, पण थांबला नाही. त्याच्या नावापुढचा ‘कृतिशील’ हा शब्द मी हजेरीच्या यादीतून आधीच खोडला होता. तिथे दुसरा कोणताही शब्द लिहिला नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!